ज्यांचं देशाशी पटलं नाही, त्यांच्या घरी

दिवस पहिला : केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स

एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर घेतलेल्या प्रत्येकाला सिडनी स्मिथचा एक प्रश्न पाठ असतो. 1820 साली या इंग्रज टीकाकाराने ‘एडिनबर्ग रिव्ह्यू’मध्ये खवचटपणे विचारलं होतं, जगाच्या पाठीवर अमेरिकन पुस्तक वाचतो कोण? आमच्या सरांनी ते सांगितलं, आम्ही वहीत उतरवून घेतलं आणि पुढे सांगलीच्या कॉलेजात मीही पोरांना तेच उतरवून देत आलो. त्याच उताऱ्याच्या शेवटी स्मिथने आणखी एक प्रश्न विचारला आहे. तो मात्र परीक्षेच्या गाइडांत कधी छापून आला नाही. युरोपातल्या कुठल्या जुन्या जुलमी राजवटीत दर सहा माणसांमागे एक गुलाम आहे, ज्याला त्याच्यासारखीच माणसं विकतात, विकत घेतात, छळतात? पहिला प्रश्न अमेरिकन लेखकांना चांगलाच झोंबला. दुसऱ्याकडे वळायला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वेळ लागला.

या अमेरिकन लेखकांची घरं पाहायला निघालो, त्याची सुरुवात हार्वर्डच्या आवारासमोरच्या एका लाकडी चर्चपासून. पहिल्या प्रश्नाला ठणकावून उत्तर मिळालं ते इथे, 31 ऑगस्ट 1837 रोजी. चौतीस वर्षांचा राल्फ वॉल्डो इमर्सन पदवीधरांसमोर बोलायला उभा राहिला आणि युरोपातल्या दरबारी काव्यदेवतांचं आपण फार दिवस ऐकत बसलो, असं त्याने सांगून टाकलं. दूध, कढई, रस्त्यावरचं गाणं, होडीची खबर यांत मला अर्थ दाखवा, हे त्याचं मागणं होतं. ऑलिव्हर वेंडेल होम्सने या भाषणाला पुढे अमेरिकेच्या बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हटलं. चर्च आजही चालू आहे. दारात कसल्याशा अन्नदानाची पाटी होती आणि समोरच्या चौकात एक मुलगा प्लास्टिकच्या बादल्या उलट्या ठेवून ढोलासारखा वाजवत होता. इमर्सनला तो आवडला असता, असं वाटलं.

तिथून चालत ब्रॅटल स्ट्रीटवरच्या पिवळ्या वाड्यात गेलो. 1775-76 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम आणि मुख्यालय या घरात होतं. नंतर लाँगफेलोला ते सासऱ्याकडून लग्नाचा आहेर म्हणून मिळालं. कवीला स्वातंत्र्ययुद्धाच्या सेनापतीचं घर आहेरात मिळावं, ही गोष्ट मला फार अमेरिकन वाटते. इथेच त्याने, इंग्रज फौज येतेय ही खबर द्यायला 1775 मध्ये निघालेल्या पॉल रिव्हियरच्या मध्यरात्रीच्या घोडदौडीची कविता लिहिली आणि अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांनी ती शाळेत घोकली. कवितेतला रिव्हियर कॉन्कॉर्ड गावापर्यंत पोचतो. खरा रिव्हियर वाटेतच इंग्रजांच्या तावडीत सापडला होता, आणि खबर कॉन्कॉर्डला पोचवली सॅम्युएल प्रेस्कॉट नावाच्या डॉक्टरने. पण प्रेस्कॉटला कवी मिळाला नाही! गंमत बाजूला ठेवली, तर कविता छापून आली ते साल जानेवारी 1861. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं यादवी युद्ध तोंडावर आलेलं. लाँगफेलो गुलामगिरीच्या विरोधातला माणूस होता, 1842 मध्येच त्याने त्यावर कवितांचं छोटं पुस्तक काढलं होतं. म्हणजे ही घोडदौड जुन्या पराक्रमाची आठवण म्हणून लिहिलेली नाही, ती झोपलेल्या उत्तरेला जागं करायला लिहिलेली आहे. शाळांनी घोडा तेवढा ठेवून घेतला.

दिवस दुसरा : कॉन्कॉर्ड

भाची बॉस्टनजवळच राहते. गाडी तिची, डब्यातली थालीपीठं तिची, आणि मागच्या सीटवर अकरावीतली तिची मुलगी, जी याच देशात जन्मली आणि ‘आजोबा, हे सगळं आमचं सहावीत झालंय’ असं दर मैलाला सांगत होती. ऑक्टोबरचा मध्य. मेपलची झाडं लालभडक. त्यांचं वर्णन करणार नाही, या दिवसांत इकडे आलेला प्रत्येक मराठी माणूस ते फेसबुकवर करतोच.

नॉर्थ ब्रिज हा अगदी साधा, कमानीचा लाकडी पूल. मूळचा नव्हे, 1956 साली पुन्हा बांधलेला. 19 एप्रिल 1775 रोजी इथे शेतकऱ्यांच्या स्थानिक तुकड्यांनी राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडल्या. पलीकडे डॅनियल चेस्टर फ्रेंचने घडवलेला मिनिटमनचा, म्हणजे हाक येताच लढायला उभ्या राहणाऱ्या शेतकरी-शिपायाचा पुतळा आहे, हातात बंदूक, शेजारी नांगर. चौथऱ्यावर इमर्सनच्या कवितेतल्या पहिल्या चार ओळी, त्यांत जगभर ऐकू गेलेल्या गोळीचा उल्लेख. खरं तर त्या दिवशीच्या पहिल्या गोळ्या पहाटे लेक्सिंग्टनला सुटल्या होत्या. पण इमर्सन कॉन्कॉर्डचा, त्याचे आजोबा इथले पाद्री, आणि त्यांच्या घरातून ही चकमक दिसत होती. मग गोळी कुठली ठरणार? दोन गावांमध्ये यावरून पुढे बरीच वर्षं धुसफुस चालली. गावकी सगळीकडे सारखीच.

पुलाच्या अलीकडे, भिंतीला लागून, इथे मेलेल्या इंग्रज शिपायांची कबर आहे. तिच्यावर जेम्स रसेल लॉवेलच्या ओळी कोरल्यात. तीन हजार मैलांवरून ते आले आणि मेले, भूतकाळाला त्याच्या सिंहासनावर टिकवण्यासाठी. समुद्रापलीकडे त्यांच्या इंग्रज आईचा आक्रोश त्यांना ऐकू आला नाही. विजेत्यांनी पराभूतांच्या कबरीवर कविता लिहावी आणि त्यातही त्यांना थोडं चिमटावं, हे वाचून मी हसलो. नातीला ते आवडलं नाही. तिच्या मते ती कविता दुःखाची आहे. असेलही.

इमर्सनच्या आजोबांचं ते घर म्हणजे ओल्ड मॅन्स, पुलापासून दोन मिनिटांवर. 1834-35च्या सुमाराला इमर्सन इथे ‘नेचर’ या आपल्या पुस्तकाचा मजकूर लिहीत होता. पुढे 1842 मध्ये कथाकार नथॅनिएल हॉथॉर्न आणि सोफिया लग्न करून थेट इथे भाड्याने राहायला आले. त्यांच्यासाठी मागची भाजीची बाग गावातल्याच हेन्री थोरो या लेखकाने आधीच लावून ठेवली होती. वरच्या अभ्यासिकेच्या खिडकीपाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. सोफियाने अंगठीतल्या हिऱ्याने तावदानावर कोरून ठेवलंय : माणसाचे अपघात म्हणजे देवाचे हेतू. खाली नाव आणि 1843. अक्षर तिरकं, घाईचं. काच जुनी, त्यामुळे बाहेरची नदी त्या अक्षरांमागे जराशी हलल्यासारखी दिसते. खाली नवऱ्याच्याही ओळी आहेत. बायकोने देवाचं नाव घेतलं, तर याने लिहिलंय, ही माझी अभ्यासिका. नवरे!

हे घर, तो पूल, तो पुतळा बघून लोक पार्किंगकडे वळतात. पार्किंगच्या कडेला एक छोटं, फिकट रंगाचं घर आहे, तिकडे फारसं कुणी जात नव्हतं. रॉबिन्स हाउस. सीझर रॉबिन्स हा जन्माने गुलाम, स्वातंत्र्ययुद्धात लढला, पुढे स्वतंत्र झाला. त्याच्या मुलामुलींचं हे घर. मुळात ते गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, 2011 मध्ये उचलून इथे आणलं. त्याची नात एलन गॅरिसन इथेच जन्मली. पुढे शिक्षिका होऊन युद्धानंतर दक्षिणेत मुक्त झालेल्या लोकांना शिकवायला गेली आणि 1866 मध्ये, नागरी हक्कांचा कायदा नुकताच झालेला असताना, बाल्टिमोरच्या स्टेशनावर बायकांच्या वेटिंग रूममध्ये मुद्दाम जाऊन बसली. तिला बाहेर काढलं. तिने खटला भरला. हे सगळं आम्हाला एका हसऱ्या स्वयंसेवक बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं. नात गप्प ऐकत होती. ‘हे सहावीत नव्हतं,’ गाडीत बसल्यावर म्हणाली.

दुपारी कॉन्कॉर्ड म्युझियममध्ये इमर्सनची अख्खी अभ्यासिका पाहिली, गोल टेबल, पुस्तकांची कपाटं, सगळं घरातून इथे आणून तसंच मांडलेलं. या खोलीतला माणूस 1845 मध्ये चार्ल्स विल्किन्सने केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर वाचत होता. 1857 मध्ये त्याने ‘ब्रह्म’ नावाची कविता छापली. मारणारा समजतो मी मारलं, मेलेला समजतो मी मेलो, दोघांनाही कळलेलं नाही. ‘य एनं वेत्ति हन्तारं’ ज्याने घरात रोज ऐकलंय त्याला यात अवघड काही नाही. तिकडे मात्र वाचक चक्रावले, आणि वर्तमानपत्रांत तिची विडंबनं धडाधड आली. युरोपच्या दरबारातून निघालेला माणूस स्वतःच्या देशाचा सूर शोधताना गंगेकाठी पोचला, आणि देशाने त्याची टर उडवली. देशाची ओळख शोधायला निघालेले लेखक असे कुठेतरी भलतीकडेच निघतात, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट जाणवलं.

ऑर्चर्ड हाउसही पाहिलं. लुइझा मे अल्कॉटने 1868 मध्ये ‘लिटल विमेन’ ही कादंबरी लिहिली ते टेबल म्हणजे दोन खिडक्यांमध्ये भिंतीला ठोकलेली अर्धगोल फळी, वडिलांनी बसवून दिलेली. वडील तत्त्वज्ञ, संसार चालवला या फळीने.

दिवस तिसरा : वॉल्डन

वॉल्डन हे तळं आहे आणि लोक त्यात पोहतात. इथल्या एकांतवासावरचं थोरोचं ‘वॉल्डन’ हे पुस्तक वाचून आलेल्या माणसाला याचा धक्का बसतो. ऑक्टोबरच्या थंडीत रबरी पोशाख घातलेले आजी-आजोबा शांतपणे पाणी कापत चालले होते. पार्किंगजवळ थोरोच्या खोपटाची प्रतिकृती आहे, दहा बाय पंधरा फूट. एक खाट, एक मेज, तीन खुर्च्या. मूळ खोपट होतं ती जागा तळ्याच्या काठाने थोडं चालून गेल्यावर लागते. 1945 मध्ये रोलंड रॉबिन्सने खणून चुलाण्याचा पाया शोधून काढला. शेजारी दगडांची रास, 1872 पासून येणारे-जाणारे एकेक दगड टाकतात. आम्हीही टाकले.

4 जुलै 1845 रोजी थोरो इथे राहायला आला. देशाच्या स्वातंत्र्यदिनी. योगायोगाने, असं तो म्हणतो. मला ते खरं वाटत नाही. जमीन इमर्सनची. घराचा खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट, त्याने पै-पैचा हिशेब छापलाय. त्या हिशेबातली एक नोंद मी वर्गात कधी थांबून वाचली नव्हती. फळ्यांसाठी त्याने जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वे मजुराचं खोपटं सव्वाचार डॉलरला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॉलिन्स कुटुंब वाटेत भेटलं, सगळा संसार एका गाठोड्यात, मांजर तेवढी नव्हती. ती रानात गेली. साधेपणाने जगायला निघालेल्या पदवीधराचं घर, नाइलाजाने साधं जगणाऱ्याच्या घराच्या फळ्यांनी उभं राहिलं. थोरोने हे लपवलेलं नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यावर तो फार रेंगाळलाही नाही.

रेंगाळला तो दुसरीकडे. पुस्तकात या रानातल्या आधीच्या रहिवाशांवर एक प्रकरण आहे. केटो इंग्रॅम, कॉन्कॉर्डच्या एका बड्या माणसाचा गुलाम. झिल्फा, सूत कातायची, गाणी म्हणायची. 1812च्या युद्धात इंग्रज कैद्यांनी तिचं घर जाळलं. ब्रिस्टर फ्रीमन, ज्याने लावलेल्या सफरचंदांची फळं थोरोने स्वतः खाल्ली. म्हणजे ज्या रानात थोरो एकांत शोधायला आला, तिथे गावाबाहेर काढलेल्यांची वस्ती होऊन गेली होती. आपल्याकडच्या माणसाला गावकुसाबाहेर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

रेल्वे आजही तळ्याला खेटून जाते. आम्ही तिथे असतानाच बॉस्टनची लोकल धडधडत गेली, तिचा आवाज त्याने जसा लिहिलाय तसाच पाण्यावरून आला. 1846-47च्या हिवाळ्यात मजुरांनी या तळ्यातला बर्फ कापून काढला. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याचा बर्फ 1833 पासून कलकत्त्याला जात होता, पुढे मुंबई-मद्रासलाही. मुंबईतल्या साहेबांच्या आणि शेटजींच्या पेल्यात न्यू इंग्लंडचं पाणी किणकिणायचं. थोरोला हे माहीत होतं. सकाळी गीता वाचावी, विहिरीवर जावं तर तिथे ब्राह्मणाचा सेवक पाणी भरायला आलेला, आणि वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळतंय, अशी कल्पना त्याने केलीय. व्यापाराच्या जहाजावर त्याने अध्यात्म चढवून दिलं.

याच मुक्कामात, जुलै 1846 मध्ये, गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध यांना पैसा पुरवणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून तो एक रात्र तुरुंगात बसला. त्यावरचा, पुढे ‘सविनय कायदेभंग’ या नावाने गाजलेला निबंध 1849 मध्ये आला. गांधींनी सत्याग्रह थोरोकडून घेतला, असं आमच्याकडे सर्रास लिहितात. गांधींनी स्वतः 1935 मध्ये एका पत्रात ते चूक असल्याचं सांगितलं. दक्षिण आफ्रिकेतला लढा आधी उभा राहिला, निबंध नंतर हातात पडला. नाव आणि दुजोरा मात्र त्यातून मिळाला. पुढे मार्टिन लूथर किंगने कॉलेजात असताना तो वाचला, आणि ज्या देशाने लेखकाला एक रात्र आत टाकलं त्या देशाचा तो निबंध आता अभिमानाचा ठेवा आहे.

संध्याकाळी स्लीपी हॉलो स्मशानभूमीत टेकडीवर गेलो. सगळे शेजारी-शेजारी. इमर्सनवर गुलाबी स्फटिकाचा प्रचंड ओबडधोबड धोंडा, थोरोवर वीतभर उंचीचा दगड आणि एकच शब्द, ‘हेन्री’. दगडाभोवती लोकांनी पेन्सिली खोचल्या होत्या, पिवळ्या, टोक केलेल्या, चावलेल्यासुद्धा. त्याच्या घरचा धंदा पेन्सिलींचा, आणि शिशाचं मिश्रण सुधारून त्याने ती पेन्सिल देशात नावाजलेली केली होती. नातीने दप्तरातली एक काढली, क्षणभर विचार केला, आणि परत ठेवली. ‘उद्या लागेल,’ म्हणाली. थोरोच्या हिशेबी डोक्याला हे पटलं असतं.

दिवस चौथा : अ‍ॅमहर्स्ट

सकाळी पश्चिमेकडे निघालो. वाटेत सफरचंदाच्या बागेत गरमागरम सायडर डोनट खाल्ले, त्यावर दालचिनी-साखर. बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

एमिली डिकिन्सन 1830 मध्ये या घरात जन्मली, 1886 मध्ये इथेच गेली. जवळजवळ 1,800 कविता. हयातीत छापल्या गेल्या दहाच्या आसपास, त्याही निनावी. तिची खोली आता गुलाबांच्या भिंतकागदासकट पुन्हा उभी केलीय. पांढरा पोशाख काचेत, आणि कोपऱ्यात खिडकीपाशी मेज. मूळ मेज हार्वर्डमध्ये आहे, हे त्याच मापाचं. मी त्यावर हात पसरून पाहिला, वीत आणि अंगठ्याने मोजलं तर दीड फूटसुद्धा भरेना. यावर एक कागद मावेल, कोपर मावणार नाही. छोट्या ओळी, मधेच तुटणाऱ्या रेघा, हे सगळं मेजामुळे असं मी म्हणणार नाही, पण त्या मेजापाशी ते पटतं.

देश, राष्ट्र वगैरे या बाईच्या कवितेत कुठे आहे, असं विद्यार्थी विचारायचे. मीही थातुरमातुर उत्तर द्यायचो. तारखा बघाव्यात. तिने सगळ्यात जास्त लिहिलं ते 1861 ते 1865, यादवी युद्धाच्याच वर्षांत. एप्रिल 1862 मध्ये तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला पत्र लिहून विचारलं, माझी कविता जिवंत आहे का? त्याच वर्षाअखेर हा हिगिन्सन दक्षिण कॅरोलायनात गुलामीतून सुटलेल्या काळ्या शिपायांच्या पलटणीचा कर्नल झाला. तिची पत्रं त्याला छावणीत जात होती. मरण, जखम, अचानक थांबणारं काळीज हे विषय घरकोंबड्या बाईला कुठून सुचले, हा प्रश्नच मग उरत नाही. अख्खं गाव शवपेट्या उतरवून घेत होतं.

गाइडने जाता जाता मार्गारेट माहरचं नाव घेतलं. टिपररीहून आलेली आयरिश मोलकरीण. एमिलीच्या कवितांच्या शिवलेल्या वह्या तिच्या ट्रंकेत असायच्या. ती ट्रंक जाळली असती तर? आणि एमिलीच्याच इच्छेप्रमाणे तिची तिरडी घरच्या आयरिश गड्यांनी उचलली, मागच्या दाराने, शेतातून. वॉल्डनच्या वाटेवरचं कॉलिन्सचं गाठोडं आठवलं. या साहित्याच्या मागच्या दाराशी आयरिश माणसं सारखी भेटत राहतात.

त्याच गावात विद्यापीठाची उंचच उंच विटांची ग्रंथालयाची इमारत आहे, नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ग्रंथालय. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेला हा काळा विचारवंत, त्याचे कागद इथे आहेत. त्यांत एक पत्र आहे ज्यासाठी मी हा मार्ग आखला. जुलै 1946, पाठवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते लिहितात की आपली भेट नाही, पण दडपलेल्यांच्या मुक्तीसाठी काम करणारा प्रत्येक जण आपल्याला नावाने ओळखतो. मी निग्रो प्रश्नाचा विद्यार्थी आहे आणि आपलं लेखन वाचत आलो आहे. अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्या प्रश्नाचा अभ्यास आमच्यासाठी स्वाभाविकच नव्हे, गरजेचा आहे. आणि मग कामाचं : अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का? ड्यू बॉइसने महिनाअखेर उत्तर दिलं, की आपलं नाव मला ठाऊक आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. ही पत्रं आता स्कॅन होऊन कुणालाही घरबसल्या वाचता येतात, मी ती सांगलीत वाचलीही होती. तरी त्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो. भाची म्हणाली, ‘मामा, इथे माझी मैत्रीण पीएच.डी. करत होती, मी दहा वेळा आलेय, कुणी सांगितलं नाही.’

दिवस पाचवा : पिट्सफिल्ड आणि ग्रेट बॅरिंग्टन

मायलेकी परत गेल्या, आज भाचेजावई आले. ते इंजिनिअर, ‘मोबी-डिक’ अर्ध्यावर सोडलेले. मी त्यांना दोष दिला नाही.

अ‍ॅरोहेड हे हर्मन मेलव्हिलचं शेतघर, 1850 ते 1863. वरच्या मजल्यावर उत्तरेकडची खिडकी, त्यासमोर टेबल, आणि खिडकीत ग्रेलॉक डोंगर. बर्फ पडल्यावर त्याची पाठ देवमाशासारखी दिसते, असं सगळे सांगतात. बर्फ नव्हता, तरी दिसली. समुद्रापासून लांब, या खोलीत त्याने पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा समुद्र लिहिला. 1850च्याच ऑगस्टमध्ये जवळच्या मॉन्युमेंट माउंटनवर सहलीत हॉथॉर्नशी गाठ पडली, पाऊस आला, सगळे कपारीत शिरले, आणि मैत्री झाली. लगेच मेलव्हिलने हॉथॉर्नवर लेख लिहून देशाला सुनावलं, की इंग्रजांची नक्कल करून यश मिळवण्यापेक्षा आपलं काहीतरी करून आपटलेलं बरं. आणि मग स्वतः तसाच आपटला. 1851चं ‘मोबी-डिक’ त्याच्या हयातीत तीनेक हजार प्रती खपलं. 1866 पासून एकोणीस वर्षं तो न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरीला. 1891 मध्ये गेला तेव्हा बहुतेकांना तो जिवंत होता हेच माहीत नव्हतं. देशाला तो सापडला 1920च्या दशकात.

राष्ट्राचं चित्र म्हणून मला ‘मोबी-डिक’मधल्या ‘पेक्वॉड’ या देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजाहून चांगलं काही माहीत नाही. भालाफेके तीन : पॉलिनेशियन क्वीक्वेग, वाम्पानोआग जमातीचा टॅश्टेगो, आफ्रिकन डॅगू. हुकूम करणारे तिघेही गोरे न्यू इंग्लंडवाले. आणि कॅप्टन अहाबच्या होडीत, लपवून आणलेला, फेडाल्ला. तो चक्क पारशी! मेलव्हिलने त्याला अग्निपूजक, भेसूर, सैतानाचा दूत केलंय. दादरच्या पारशी कॉलनीतले माझे एक जुने स्नेही हे वाचून म्हणाले होते, ‘डिकरा, ह्याने पारशी पाहिलाच नाय.’ जहाजाचं नाव पेक्वॉट जमातीवरून घेतलंय, आणि ही जमात आता नामशेष झाली असं निवेदक इश्माएल बेधडक सांगतो. नामशेष झालेल्या त्या लोकांना 1983 मध्ये केंद्र सरकारने अधिकृत मान्यता दिली, आणि कनेक्टिकटमध्ये त्यांचा अवाढव्य कॅसिनो आहे. भाचेजावयांनी तो बघितलाय. पुस्तक पुन्हा हातात घेईन म्हणाले.

तिथून दक्षिणेला तासाभराच्या आत ग्रेट बॅरिंग्टन. 1868 मध्ये ड्यू बॉइस या गावात जन्मला. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पाटी, लहानसं पार्किंग, आणि रानातून पाऊलवाट. दोन दिवस लेखकांची घरं पाहून सवय लागलेली असते : तिकीट, गाइड, दोरी लावलेली खाट. इथे घर नाही. आजोबांचं ते घर 1928 मध्ये साठीनिमित्त मित्रांनी त्याला घेऊन दिलं, डागडुजीला पैसे पुरले नाहीत, 1954 मध्ये विकावं लागलं आणि मग पाडलं गेलं. पाचोळा बाजूला सारला की चिमणीचे दगड दिसतात. 1969 मध्ये इथे स्मारक करायचं ठरलं तेव्हा गावात केवढा गहजब झाला, कारण त्याने म्हातारपणी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व घेतलं, घानात जाऊन राहिला आणि तिथलाच नागरिक होऊन मेला. तारीख 27 ऑगस्ट 1963. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला किंगचं ‘आय हॅव अ ड्रीम’ हे भाषण झालं. 1903 मध्ये ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये त्याने लिहिलं होतं की माणसाला आपलं दुहेरीपण सतत जाणवतं, एक अमेरिकन आणि एक निग्रो, एकाच काळ्या देहात दोन जीव, दोन न मिटणारे झगडे. अमेरिकन असण्याबद्दल याहून नेमकं कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि ते लिहिणाऱ्याला शेवटी पासपोर्ट नूतनीकरण करून मिळाला नाही. आता गावातल्या शाळेला त्याचं नाव दिलंय.

आम्ही दगडांपाशी बसून थालीपीठाचे शेवटचे तुकडे खाल्ले. डासांनी मात्र ऑक्टोबरमध्येही सोडलं नाही.

दिवस सहावा : हार्टफर्ड

मार्क ट्वेनचं घर म्हणजे पैशाचा आनंद. विटांची नक्षी, बुरूज, टिफनीच्या मंडळींनी रंगवलेलं दालन. 1874 ते 1891 इथे राहून तो श्रीमंत झाला आणि अक्षरजुळणीच्या एका यंत्रापायी भिकेला लागला. वर बिलियर्डची खोली, छतावर रंगवलेले पाइप आणि काठ्या, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलेलं टेबल, कारण खिडकीतलं दृश्य बघितलं की काम होत नसे. ‘हकलबेरी फिन’ 1885 मध्ये अमेरिकेत आलं आणि पहिली बंदी घातली ती कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने. होय, इमर्सन-थोरोच्या कॉन्कॉर्डने! ट्वेनने खूश होऊन लिहिलं, पंचवीस हजार प्रती जास्त खपतील. तेव्हा पोराची भाषा गावंढळ म्हणून बंदी, पुढच्या शतकात त्यातल्या एका शिवीवजा शब्दापायी वाद. गोष्टीतला पोरगा हक पळून आलेल्या जिम या गुलामाचा पत्ता कळवणारं पत्र फाडतो आणि म्हणतो, बरं तर, जाईन नरकात. ते पान मला अजूनही थरारून सोडतं. शेवटची प्रकरणं, जिथे टॉम सॉयर जिमला खेळणं करतो, ती कधीच पटली नाहीत.

कर्ज फेडायला ट्वेन जगभर व्याख्यानं देत फिरला आणि जानेवारी 1896 मध्ये मुंबईत उतरला. हॉटेलात एका धिप्पाड युरोपियन माणसाने नोकराला जबड्यावर ठोसा लगावला आणि नंतर काय चुकलं ते सांगितलं. ट्वेन लिहितो, पन्नास वर्षांत हे पाहिलं नव्हतं, आणि क्षणात मी मिसुरीत लहान झालो. गुलामाला आपलं म्हणणं समजावण्याची ही रीतच होती. दहा वर्षांचा असताना एका माणसाने किरकोळ चुकीसाठी गुलामाच्या डोक्यात लोखंडी खनिजाचा ढेकूळ घातलेला त्याने पाहिला होता. तो गुलाम तासाभरात मेला. स्वतःच्या देशाचं बालपण त्याला मुंबईच्या हॉटेलात दिसलं.

हिरवळ ओलांडली की हॅरिएट बीचर स्टोचं घर. गुलामगिरीविरुद्धची तिची कादंबरी ‘अंकल टॉम्स केबिन’ 1852ची, या घरात ती 1873 मध्ये आली. इथे गाइड पाठ केलेलं बोलत नाहीत, खुर्च्या मांडून गप्पा घडवतात. अंकल टॉम ही आज काळ्या माणसासाठी शिवी का झाली, यावर बोलणं आलं. मी सांगितलं की 1873 मध्येच पुण्यात जोतीराव फुले नावाच्या माळ्याने ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यात दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. गटात अटलांटाहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, काळ्या. त्या हसल्या. ‘त्यांना सांगा, जरा घाई केली. 1877 मध्ये दक्षिणेतून केंद्राच्या फौजा मागे घेतल्या आणि आमचं सगळं परत गेलं.’

मी म्हटलं, फुल्यांचा रोख तुमच्याकडे नव्हता, आमच्याकडे होता. तिकडच्यांना जमलं, मग इथल्या भटा-ब्राह्मणांना आणि सरकारला का जमू नये, असं त्यांना विचारायचं होतं.

‘म्हणजे आम्हाला आरसा म्हणून वापरलं?’

‘हो.’

‘मग ठीक आहे,’ त्या म्हणाल्या, ‘आम्हीही गांधींना तसंच वापरलं.’ आणि आंबेडकरांचं काय, यावर आमचं पुढचा अर्धा तास जुंपलं, गाइड घड्याळ बघायला लागेपर्यंत.